राखीव गोलकीपरनं लिहिलेलं मानपत्र

आपल्या पराक्रमाविषयी लिहिताना माणसानं हात आखडता घेऊ नये, असं माझं पहिल्यापासूनचं मत. अडचण एवढीच झाली, की पराक्रम दुसऱ्याचा निघाला. हे प्रकरण त्या अडचणीचं आहे. ते लिहायला मी इतकी वर्षं लावली, कारण ते खरं लिहायला पाहिजे आणि तशी माझ्या हाताला सवय नाही. गेल्या महिन्यात आमच्या जुन्या खेळाडूंच्या मोबाईलवरच्या ग्रुपात कुणीतरी बिराजदार सरांच्या मानपत्राचा फोटो टाकला. पिवळा पडलेला कागद, मधे छापील मजकूर आणि चारी कडांनी, वर-खाली, आडवं-उभं, मुंग्यांनी मिरवणूक काढल्यासारखं हातानं लिहिलेलं. खाली लगेच कुणाच्या तरी नातवाची विचारणा, ‘एवढं चांगलं मानपत्र कुणी खराब केलं?’ मी केलं. अक्षर माझंच आहे. कसं केलं ते सांगतो.

तालुक्याच्या आमच्या कॉलेजात बिराजदार सर खेळाचे शिक्षक होते. मूळचे उमरग्याकडचे. मराठीत शिकवायचे, रागवायचे मात्र कानडीत. त्यामुळं आम्हाला राग पोचायचा, अपमान पोचायचा नाही. हा सगळा कबड्डी-खोखोचा मुलूख. आमच्याकडं देवानं पाय दिले ते रानात जायला आणि हात दिले ते कबड्डीत पाय धरायला, अशी साधी वाटणी. त्यात ह्या माणसानं एके दिवशी फुटबॉल आणला आणि हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. पहिल्या वर्षी अकरा पोरं जमवायला सरांना एस्टी स्टँडवर उभं राहावं लागलं होतं म्हणतात. मैदान म्हणजे काळी माती. पावसाळ्यात त्यात माणूस घोट्यापर्यंत जायचा, उन्हाळ्यात भेगा पडायच्या. एका भेगेत आमचा चेंडू गेला, तो काढायला एका पोराला कमरेला दोराचा सोल बांधून खाली सोडला होता. मी कमी करून सांगतोय. पोरं दोन सोडली होती.

मैदानाच्या कडेनं बाभळी. काटा लागला की चेंडू गेला, आणि सायकलच्या दुकानात त्याचं पंक्चर काढेपर्यंत खेळ बंद. म्हणून सरांनी नियमच केला होता. ओंजळभर काटे वेचून दाखवल्याशिवाय चेंडूला पाय लावायचा नाही. सगळी टीम एका रेषेत वाकून, धान्य निवडल्यासारखी, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकायची. सर सगळ्यात पुढं, पायजमा वर खोचून. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून विचारायची, “मास्तर, काय हरवलंय?” सर मान वर न करता म्हणायचे, “ढाल.” विद्यापीठाच्या स्पर्धेची ढाल तोवर आमच्या कॉलेजानं कधी बघितलीही नव्हती. काटे वेचण्यात मात्र अख्ख्या विद्यापीठात माझा हात धरणारा कुणी नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. त्याची स्पर्धा तेवढी कुणी ठेवली नाही.

खेळात माझी गोष्ट वेगळी होती. माझी उंची बघून सरांनी मला पहिल्या दिवशी गोलात उभं केलं. चेंडू आला. एवढ्या वेगानं येणाऱ्या कुणालाही वाट द्यावी, ह्या घरच्या वळणानं मी बाजूला झालो. दुसऱ्यांदा डोळे मिटून उभा राहिलो. चेंडू नाकाला लागून बाहेर गेला आणि गोल वाचला. सर म्हणाले, “यप्पा, तू राखीव.” तेव्हापासून तीन वर्षं मी राखीव गोलकीपर. खरा गोलकीपर मारुती, बेंबळीच्या धनगराचा. मेंढरांमागं धावून, उधळलेलं कोकरू वरच्यावर उचलून त्याचे हात असे तयार झाले होते, की चेंडू आपण होऊनच त्याच्याकडं जायचा. बोलायचा मात्र जनगणनेसारखा, दहा वर्षांतून एकदा. माझ्या पायावर चेंडू लागून सूज आली तर मी त्याची आठ दिवस कथा सांगायचो, त्याचं बोट मोडलं तर तो म्हणायचा, “मोडलं.”

शनिवारी दुपारी एस्टीनं मी जळकोटला घरी यायचो. घर हायवेच्या अगदी कडेला. हैदराबादकडं जाणारा ट्रक गेला की फळीवरची भांडी एकमेकांना लागून वाजायची, आणि आईला सवयीनं कळायचं, “हा भरलेला गेला, हा रिकामा.” संध्याकाळी चूल पेटायची. भाकरी थापल्याचा थपथप आवाज, परातीवर बांगड्यांचा आवाज, तव्यावर शेंगदाण्याची चटणी परतल्याचा ठसकणारा वास आणि वाटीत घट्ट दही. धपाटे असले तर मी आठवड्याचं जेवून जायचो. चुलीसमोर बसून कॉलेजच्या गोष्टी सांगायच्या आणि आईनं ऐकायच्या, हा आमचा नेम. वाढवून सांगायचं हे माझ्यात आईकडूनच आलंय. तिला शेतात दोरी दिसली तर घरी येईपर्यंत तिचा नाग व्हायचा. आमचे अण्णा मात्र एकदम उलटे. गावच्या शाळेत क्लार्क. जन्मभर रजिस्टरं लिहिली, त्यामुळं जे आहे त्यात एक अक्षर घालायचं नाही की काढायचं नाही. आई म्हणाली ‘शंभर माणूस आलं होतं’ की अण्णा कोपऱ्यातून, वर्तमानपत्राच्या मागून म्हणायचे, “चौदा.”

मी कॉलेजात खेळात वेळ घालवतो हे अण्णांना पसंत नव्हतं. “त्यानं काय होतंय?” हा दर शनिवारी त्यांचा एकच प्रश्न. मग शेवटच्या वर्षी आम्ही ढाल जिंकली.

विद्यापीठाच्या गावी अंतिम सामना. आमचा एक गोल झालेला, मिनिटं संपत आलेली आणि समोरच्यांना पेनल्टी मिळाली. मी रेषेबाहेर एका हातात लिंबाच्या फोडींचं ताट आणि दुसऱ्या हातात सगळ्यांची घड्याळं घेऊन बसलो होतो. मारुतीनं उजवीकडं झेप घेतली, चेंडू छातीशी धरला आणि तसाच मातीत पडून राहिला. मी ताटासकट उठलो. सरांनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि घाम पुसल्यासारखं केलं. ढगाळ दिवस होता, घाम कुठला. ही झाली खरी हकिकत. त्या शनिवारी घरी चुलीपुढं ती सांगताना, आईनं डोळे मोठे करून विचारलं, “मग कुणी अडवला?” त्या वेळी तव्यावर भाकरी टम्म फुगली होती, अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं होतं. पहिल्यांदाच खाली केलं होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “म्या.”

एकदा निघालं ते निघालं. पुढच्या शनिवारी झेप चार हातांची झाली, त्याच्या पुढच्या शनिवारी माझं डोकं गोलाच्या खांबावर आपटून खांब वाकला. स्टँडवरच्या हॉटेलात माणसं मला चहा पाजून ऐकायची. अण्णा काही बोलायचे नाहीत; पण शाळेतल्या गुरुजींना त्यांनी सांगितलं, असं मला कळलं. आमचे अण्णा, ज्यांनी उभ्या जन्मात न बघितलेली गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, त्यांनी ही सांगितली. मला त्या दिवशी धपाटं गेलं नाही. (दोनच गेली.)

त्याच वर्षाअखेर बिराजदार सर निवृत्त होणार होते. कॉलेजनं मोठा गौरव समारंभ ठरवला. शाल, श्रीफळ आणि मुख्य म्हणजे मानपत्र. ते लिहायचं कुणी? वक्तृत्वात मला एक कप मिळाला होता, म्हणून प्राचार्यांनी मलाच बोलावलं. “भारदस्त लिही. सोलापूरला छापून आणू, काच-फ्रेम करू. आणि हो, टीममधल्या सगळ्यांच्या पालकांना निमंत्रण पाठवतोय.” ढालीचा उल्लेख टाळून सरांचं मानपत्र होणार नव्हतं, पेनल्टीचा उल्लेख टाळून ढाल होणार नव्हती आणि पेनल्टीत नाव आलं की समोर बसलेल्या अण्णांच्या देखत माझं जळकोटमधलं सगळं राज्य जाणार होतं. राज्याचं जाऊ द्या. त्यांनी गुरुजींना सांगितलं होतं.

मी तोड काढली. मानपत्राला सुरुवात केली, ‘हे क्रीडामहर्षी, आपल्या पदस्पर्शाने या भूमीचे नंदनवन झाले’, म्हणजे एक कडुलिंब आणि सतरा बाभळी. आणि मधे लिहिलं, ‘त्या निर्णायक क्षणी आपल्या एका शिष्योत्तमाने गरुडझेप घेऊन चेंडू अडविला.’ शिष्योत्तम. नाव नाही. टीमनं मारुती समजावा, अण्णांनी मी समजावं, छापखान्यानं काहीही समजावं. इतकं हुशारीचं वाक्य मी आयुष्यात पुन्हा लिहिलं नाही.

समारंभाला अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, रजा टाकून आले. हातात पिशवी. त्यांनी मला बाजूला घेऊन दाखवलं. आत टॉवेल, टोपी, नारळ असे आहेराचे दोन जोड. “एक सरांला,” ते म्हणाले. दुसऱ्याचं त्यांनी सांगितलं नाही, पिशवी मिटली आणि पुढच्या रांगेत जाऊन बसले. मला कळलं. माझ्या डोक्याचं माप त्यांना माहीत होतं.

मंडपात जुने खेळाडूही पुष्कळ आले होते, पांढऱ्या केसांचे, पोट सुटलेले. पाहुण्यांची भाषणं झाली, आणि मी काच-फ्रेम छातीशी धरून मानपत्र वाचायला उभा राहिलो. आवाज माझा खणखणीत. महर्षी झाले, नंदनवन झालं, शिष्योत्तमानं गरुडझेप घेतली आणि अण्णांची मान किंचित ताठ झाली. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून सर म्हणाले, “थांब की जरा. हा शिष्योत्तम कोण?”

मंडप हसला. मी हळूच म्हणालो, “सर, मानपत्रात नावं घालत नसतेत. तशी पद्धत न्हाय.”

“कुणाची पद्धत?”

“मानपत्राची, सर.”

“मग ह्या कागदात नाव कुणाचं हाय?”

“तुमचं, सर.”

“माझ्या एकट्याचं? म्या एकट्यानं खेळलो व्हय रे इतकी वर्षं?” सर उठले, माझ्या हातातून फ्रेम घेतली, उलटी केली आणि शिपायाला हाक मारली. “मागचे खिळे काढ ह्याचे.”

प्राचार्य उठले. “अहो सर, प्रमुख पाहुण्यांना पुढं जायचंय.”

“जाऊ द्या की त्यांना. मला कुठं जायचंय? मला तर तुम्ही घरीच पाठवायलाव.”

उठायला निघालेले पाहुणे हसून परत बसले. काच निघाली, मानपत्र टेबलावर आलं. सरांनी माझ्या हातात पेन दिलं. “लिही. पहिली टीम. परंड्याचा शब्बीर. डावा पाय. उजवा नुसता सोबतीला होता त्याला.” मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. “हजर हाय, सर.” सगळ्या माना मागं वळल्या. सर एकेक वर्ष घेत गेले, पुढ्यात कागद नाही, वही नाही. कोण कुठल्या गावचा, कोण कुठं खेळायचा, कोण आता कंडक्टर आहे, कुणाचं पोरगं दहावीला आहे. “लोहाऱ्याचा व्यंकट. पळताना रडायचा, पण पळायचा.” “हाय सर.” “हा काशिनाथ गेला. लिही त्याचं. गेलेल्यांचं आधी लिही, जागा संपंल.” समासात जागा संपली तेव्हा मी वर लिहिलं, वर संपली तेव्हा आडवं लिहिलं. पेनातली शाई संपली तेव्हा प्रमुख पाहुण्यांनी स्वतःचं पेन काढून दिलं. मी त्या सरांजवळ तीन वर्षं बसलो होतो आणि मला वाटायचं, त्यांचं काम म्हणजे शिट्टी वाजवणं. ह्या जागी मी थोडी अतिशयोक्ती करायला हरकत नव्हती, पण ती करायला खरंच वाव नाही. जेवढी माणसं उभी राहिली तेवढी राहिली. खुर्च्यांवर बसलेली बोटांवर मोजण्याइतकी उरली.

मग आमची टीम आली. “गोलकीपर,” सर म्हणाले, “मारुती. बेंबळी. पेनल्टी अडवली ती ह्यानं. तेवढं पण लिही, नीट अक्षरात.” टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की मंडपाच्या कनाती हलल्या. मारुती मान खाली घालून उभा. मी कागदावरून डोळे उचलले नाहीत, पण पुढच्या रांगेतल्या एका माणसाचे हात टाळीसाठी वर झालेले आणि तिथंच थांबलेले मला न बघताही दिसले.

मला वाटलं झालं. मी पेनाचं टोपण लावायला लागलो.

“संपलं न्हाय,” सर म्हणाले. “राखीव गोलकीपर.” मी टोपण लावतच राहिलो. “लिही की. का तुझं नाव तुला येईना?” पुन्हा मंडप हसला. उरली होती ती कोपऱ्यातली बोटभर जागा. तिथं मी लिहिलं, ‘राखीव गोलकीपर, दत्ता, जळकोट.’ सरांना माझ्या जळकोटमधल्या पराक्रमाची कुणकुण होती का, हे मला आजवर कळलेलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. सगळ्यांची नावं घेतली तसं माझं घेतलं, एवढंच.

अण्णा उठले. पिशवी घेऊन व्यासपीठावर आले. सरांना टोपी घातली, टॉवेल दिला, नारळ दिला, वाकून नमस्कार केला. मग वळून त्यांनी विचारलं, “मारुती कोणचा?” दुसरा जोड त्यांनी मारुतीला दिला. टोपी मारुतीला लहान झाली. माझ्या मापाची होती ना.

परतीच्या एस्टीत आम्ही शेजारी बसलो. नळदुर्ग येईपर्यंत अण्णा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर तुरीची रानं, त्यांत बघण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, “राखीव म्हणजे काय करायचं असतंय?”

“बसायचं असतंय, अण्णा. कुणाला लागलं तर आत जायचं.”

“कधी गेलास?”

“न्हाय.”

“तीन वर्षं?”

“तीन वर्षं.”

मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी ते म्हणाले, “आमच्या शाळेत एवढी वर्षं म्या हजेऱ्या लिहितोय. आमच्या साहेबांला अजून माझं नाव पाठ न्हाय. क्लार्क म्हणतेत.” रिकाम्या पिशवीची घडी घालत म्हणाले, “मोठा माणूस हाय तुझा सर.” आणि गाव आल्यावर, उतरता उतरता, “गुरुजींला म्या सांगतो. तुझ्या आईला तू सांग. आन एकदाच सांग.”

मी एकदाच सांगितलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी गोष्ट ती. आईनं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “मग त्या पोराला आण की एकदा जेवायला.”

मारुती आला. सात भाकऱ्या खाल्ल्या. अण्णा मोजत होते म्हणून आकडा पक्का आहे. जेवण झाल्यावर आई सरसावून त्याच्यापुढं बसली. “सांग बाबा, कसा अडवलास?”

मारुतीनं विचार केला. “बॉल आला,” तो म्हणाला. “धरला.”

आई थोडा वेळ वाट बघत राहिली. पुढं काही येईना. तिचा चेहरा असा पडला, की चुलीवरचं दूध नासल्यावरही पडला नसता. मग ती माझ्याकडं वळली आणि हळू आवाजात म्हणाली, “दत्ता, तूच सांग बाबा.”

मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढं धरलेलं होतं. त्याच्या मागून आवाज आला, “सांग. पण नाव त्याचं घे.”